दुसरा कोनाडा

शशी गेल्याचं मला विहिरीच्या काठावर कळलं. गवंडी खाली उतरले होते आणि आम्ही त्याचीच वाट बघत होतो. नवी विहीर सिमेंटनं बांधून काढण्याआधी शेवटचे फोटो घ्यायला तो जळोचीहून येणार होता. फोनवर त्याचं नाव दिसलं, म्हणून मी हसतच म्हणालो, “प्रोफेसर, चहा गार झाला.” पलीकडे वहिनी होत्या. बूट घालायला म्हणून तो खाली बसला, तो उठलाच नाही... महिना उलटला, पण मला अजून ते खरं वाटत नाही. आदल्याच संध्याकाळी तर आमच्याशी भांडला होता!

कळंबच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. पुढं तो बारामतीच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवायला लागला आणि मी उसात राहिलो. कुठं विहीर खोदतायत असं कानावर आलं की हा हजर. बाकीचे पाणी लागलं का ते बघायचे, हा कडेची माती बघत बसायचा. आमच्या विहिरीत तर माती वर ओढणाऱ्या यारीच्या बादलीत बसून उतरला आणि जेवायला हाका मारल्या तरी वर येईना.

त्याला तिथं गोल गोट्यांचा एक थर सापडला होता. तो म्हणायचा, नीरा एके काळी इथून वाहत होती. ती कापत कापत खाली गेली, गोटे वर राहिले, म्हणून तर आपलं रान पायरीपायरीनं नदीकडं उतरतं. पण एका कडेला तो थर मध्येच तुटून हातभर खाली सरकला होता. नदी निघून गेल्यावर जमीन हलल्याची ती खूण. ते ऐकून माझे वडील, आबा, हबकलेच.

“म्हंजी आपल्या हिरीखाली जमीन हालती व्हय?”

“हालली हुती, आबा. परत कधी हालंल, ते मला न्हाय सांगता यायचं.”

तेवढी एक कड उघडी ठेवा, अशी त्याची विनवणी होती. अशी जागा दुसरी कुठं मिळाली नव्हती. आबा ऐकत नव्हते. मोकळी कड पावसात ढासळली तर सगळी विहीर जाईल, हे त्यांचंही खरंच होतं. आमच्याकडं विहीर बांधताना पाण्यातल्या देवींसाठी, साती आसरांसाठी, कोनाडा ठेवतात. शशीचं घर बौद्ध, त्याचा आसरांवर विश्वास नाही. पण आदल्या संध्याकाळी तो चिडून म्हणाला, “आसरांना जागा देताय, आबा, तर माझ्या गोट्यांनाबी द्या की.” आबा नुसतेच हसले होते.

माती देऊन आलो. कामाचा खाडा नको म्हणून दुसऱ्या दिवशी गवंडी परत आले. आबा काठावर उभे राहिले, चपला काढल्या आणि खाली हाक दिली, “आसरांचा कोनाडा झाला की दुसरा ठिव. त्या तुटक्या गोट्यापाशी. चांगला माणूसभर.”

गवंड्यानं विचारलं, कुणाचा?

“आमच्या शशीचा.”

आता विहीर बांधून झाली आहे. सगळीकडं गुळगुळीत सिमेंट, आणि त्या एका चौकटीत उघडी माती, तुटलेला थर. रोज मोटार चालू करायला गेलो की मी आधी तिकडं बघतो. परवा आबांनी आसरांना हळदकुंकू वाहिलं आणि त्या दुसऱ्या कोनाड्याकडं बघून म्हणाले, “हाय तसंच हाय बरं का, शशी. हाललं न्हाय.”