पहिली पंगत पाहुण्यांची

हाफटाइमची शिट्टी झाली तेव्हा आमचा कॅप्टन इरफान दुसऱ्याच्या बुटातली माती काढत होता. हातात पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या वाळक्या झाडाची काडी होती. बूट विकीचे होते. विकी आमचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे गोल मारण्यासाठी सगळ्यात पुढे ठेवलेला खेळाडू. त्याला कॉलेजात येऊन दोन महिनेही झाले नव्हते. इरफान तिसरं वर्ष खेळत होता आणि त्या दिवशी बेंचवर बसला होता.

अमरावतीला आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलची फायनल होती. आदल्या रात्री परतीचा पाऊस पडून गेला होता. फुटबॉलच्या बुटाला खाली खुंट्या असतात, त्यांना स्टड म्हणतात. आपली काळी माती त्यात भरली की बूट सपाट होतो आणि पाय जड. विकी आणि त्याच्याबरोबर आलेली पोरं नागपूरकडची, मुरमाच्या मैदानावर वाढलेली. ती घसरत होती. आमच्या पोरांना ही माती पाठ होती. पण आमची पोरं बाहेर बसून त्यांचे बूट साफ करत होती.

ही व्यवस्था मी केली होती.

मी अकोल्यातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षण संचालक आहे. पोरं पीटी सर म्हणतात. फुटबॉल मी स्वतः खेळलो, म्हणून त्याच्यावर जास्त जीव. आमच्याकडे बहुतेक कॉलेजांची टीम कशी तयार होते ते सांगतो. ॲडमिशन बंद व्हायच्या आठवड्यात बाहेरगावचे तयार खेळाडू शोधायचे. एम.ए.च्या रिकाम्या जागांवर त्यांची नावं टाकायची. ते मॅचपुरते येतात, जिंकून देतात आणि जातात. त्यांना विद्यापीठाच्या संघात जागा मिळते, कलर कोट मिळतो. कलर कोट म्हणजे विद्यापीठाचं चिन्ह असलेला ब्लेझर. तो अंगावर आला की नोकरीच्या अर्जात एक ओळ वाढते. कॉलेजला शिल्ड मिळते. पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून शोध.

मला याचा संताप यायचा. टीम म्हणजे नुसती अकरा पोरं नव्हेत. तिसऱ्या वर्षाचा पोरगा पहिल्या वर्षाच्या पोराला संध्याकाळी शिव्या देत देत जे शिकवतो, ती टीम. त्याला बजेट लागत नाही. फक्त ती साखळी तुटू द्यायची नसते.

मी प्राचार्यांकडे तीन वर्षं मागितली होती. बाहेरचा एकही खेळाडू आणायचा नाही, अकोल्याची आणि आसपासच्या गावांची पोरं घेऊन टीम उभी करायची. ते हो म्हणाले. पहिल्या वर्षी आम्ही असे हरलो की समोरच्या टीमचा गोलकीपर मोबाइल पाहत उभा होता. तेव्हा इरफान पहिल्या वर्षाला होता. त्याच्या अब्बांचं गादीघर आहे. सकाळी तो कापूस पिंजायच्या मशीनवर असायचा आणि ग्राउंडवर येताना केसांत कापूस घेऊन यायचा. पोरं त्याला 'म्हातारा' म्हणायची. दुसऱ्या वर्षी आम्ही सेमीफायनलला गेलो. त्याच वर्षी गणेश आला, अंजनगाव सुर्जीकडचा. घरी पानपिंपरीची, म्हणजे औषधी पिंपळीच्या वेलांची शेती. अंगाने काडीसारखा, पण डावा पाय असा की मी घरी जठारपेठेत जाऊन बायकोला त्याच्याबद्दल सांगायचो. ती म्हणायची, "आणि घरच्या लेकराचा पाय पाह्यला का कधी?"

इरफानने गणेशला हाताखाली घेतलं. रोज प्रॅक्टिस संपली की दोघं अजून थांबायचे. "बॉलकडे काय पाहून राहिला बे, तो काय पळून जाते? समोर पाय," हे इरफानचं वाक्य मला माझ्या खोलीत ऐकू यायचं. मला वाटायचं, झालं. साखळी लागली.

तिसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये मला केबिनमध्ये बोलावलं. प्राचार्य होतेच. संस्थेचे अध्यक्षही होते, ज्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात.

"सर, यंदा शिल्ड पाह्यजे," भाऊसाहेब म्हणाले.

"प्रयत्न आहे, भाऊसाहेब. पोट्टे तेच आहेत. एक वर्ष जास्त खेळलेत."

"प्रयत्न नाई. नक्की सांगा."

"खेळात नक्की कसं सांगू?"

"मंग तेच त म्हणून राहिलो मी. कॉलेजले ग्रेड द्याले कमिटी येऊन राहिली. तिले काय दाखवू, तुमची सेमीफायनल?"

प्राचार्यांनी फाइल मिटली. "नागपूरकडचे सहा जण यायला तयार आहेत. एम.ए.च्या जागा रिकाम्याच आहेत."

"सर, आपलं तीन वर्षांचं ठरलं होतं."

"तिसरंच चालू आहे ना? मग हेच निकालाचं वर्ष."

"तुमच्या पोट्ट्यांले कोण काढून राहिलं?" भाऊसाहेब म्हणाले. "राहू द्या त्यांले टीममधे. बाजूले बसवा. ट्रॅकसूट देतो न सगळ्यांले. नवे."

माझी नोकरी पक्की आहे. मी नाही म्हटलं असतं तर जास्तीत जास्त परीक्षेच्या वेळी नको त्या ड्यूट्या लागल्या असत्या. हे मला त्या खुर्चीत बसूनही कळत होतं. तरी मी हो म्हटलं. पुष्कळ दिवस मी लोकांना सांगत आलो की माझ्यावर दबाव होता. दबाव होता, पण मला ती शिल्ड स्वतःलाही हवी होती. ज्यांच्यावर मी चिडतो त्यांच्यात मी आहे, हे लिहिल्याशिवाय बाकीचं लिहायचा मला हक्क नाही.

संध्याकाळी ग्राउंडवर पोरांना सांगितलं. "अनुभवी खेळाडू येत आहेत, तुम्हाला शिकायला मिळेल," असं काहीतरी बोललो. मग इरफानने विचारलं, "पावणे येऊन राहिले म्हणजे?"

"पाहुणे नाहीत रे, आपल्याच कॉलेजचे."

"तसं नाई सर. घरी पावणे आले का पयली पंगत त्यायची बसते. घरचे मांगून जेवतात. चालते. आमी वाढतो. पण घरच्यायची पंगत बसन न?"

पोरं हसली. मीही हसलो. म्हटलं, "बसेल." तेव्हापासून सगळे त्या सहा जणांना पाहुणेच म्हणायला लागले. विकी तर स्वतःच म्हणायचा, "पावणे को पानी पिलाओ." चांगला पोरगा होता. या सगळ्यात त्या सहा जणांचा काही दोष नाही. त्यांना जिथे ॲडमिशन मिळाली तिथे ते खेळले.

ट्रॅकसूट आले. निळे, पाठीवर कॉलेजचं नाव आणि त्याखाली भाऊसाहेबांचं. भाऊसाहेबांचं नाव मोठं.

तर फायनलचा हाफटाइम. स्कोअर शून्य-शून्य. इरफानने बूट विकीला दिले आणि माझ्याजवळ आला.

"सर, मले नका उतरवू. माहं हे शेवटचंच साल हाय. गन्याले द्या. दहा मिनिटं द्या, पण द्या. पुढच्या साली टीम त्याले धरायची हाय. फायनल कशी असते ते त्याच्या पायाले समजू द्या."

"पाहू," मी म्हटलं.

"त्याचे बाबा आलेत सर, अंजनगावहून."

मी वळून पाहिलं. दोरीपलीकडे एक गृहस्थ उभे होते. पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी. त्यांनी मला नमस्कार केला. आपला पोरगा आत का नाही, हे त्यांना कळत नसावं. बेंचवरचे सगळे बदली खेळाडू असतात आणि ते कधीही आत जाऊ शकतात, असं गणेशने त्यांना सांगितलं असणार.

दुसऱ्या हाफमध्ये विकीने गोल केला. साफ केलेल्या बुटाने. आम्ही एक-शून्यने पुढे आलो आणि समोरच्या टीमचा दम गेला. त्यांचे बॅक चालायला लागले होते. बदली करण्यासाठी याहून बरी वेळ नसते. मी गणेशला म्हटलं, "काढ ट्रॅकसूट."

त्याला चेन सापडेना. इरफानने ती ओढली. गणेश रेषेवर जाऊन उभा राहिला, जागच्या जागी उड्या मारायला लागला. दोरीपलीकडे त्याच्या बाबांनी पिशवी खाली ठेवली. बॉल बाहेर गेला की रेफरी बदली देतो. आम्ही बॉल बाहेर जायची वाट पाहत होतो.

तेवढ्यात प्राचार्य मंडपातून आले. "भाऊसाहेब विचारतात, कोणाला काढताय?"

"विकीला. थकला आहे तो."

"अहो, गोल त्यानं केला. कशाला रिस्क? आता संपतच आलं."

मंडपाकडे पाहिलं. भाऊसाहेब सोफ्यावर होते. त्यांनी नुसती नकाराची मान हलवली. इकडे मैदानातून विकीने गणेशला पाहिलं आणि मला ओरडून सांगितलं, "सर, डालो ना बच्चे को. मैं आता हूँ बाहर."

बॉल बाहेर गेला. रेफरीने माझ्याकडे पाहिलं.

मी हात हलवून नाही म्हटलं.

गणेश रेषेवरून परत आला. मी त्याला म्हटलं, "घाल ट्रॅकसूट, गार लागेल." ऑक्टोबरमध्ये, भर दुपारी, अमरावतीत. त्याने ट्रॅकसूट घातला, चेन गळ्यापर्यंत ओढली आणि बसला. इरफानने पऱ्हाटीची काडी मोडून टाकली.

आम्ही जिंकलो. शिल्ड भाऊसाहेबांनी घेतली, फोटो निघाले. गणेशचे बाबा जायला निघाले तेव्हा मीच त्यांच्याजवळ गेलो. म्हटलं, "पोरगा चांगला आहे तुमचा."

"व्हय का," ते म्हणाले. "मंग बसूनच होता थो?" त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. खरंच विचारत होते. मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." त्यांनी पिशवी उचलली. बसची वेळ झाली होती.

त्या रविवारी भाऊसाहेबांच्या शेतात रोडग्यांचा कार्यक्रम ठेवला होता. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. संस्थेचे लोक, प्राध्यापक, ते सहा जण. पंगत बसली. मला भाऊसाहेबांनी हाताला धरून शेजारी बसवलं. वाढायला माणसं कमी होती म्हणून आमच्या पोरांच्या हातात बादल्या आल्या. त्यांना कोणी सांगितलंही नसेल. आपल्याकडे घरची पोरं उठून वाढायलाच लागतात.

वरणाची बादली घेऊन इरफान ओळीने येत होता. विकीजवळ थांबून काहीतरी बोलला, दोघं हसले. मग माझ्यासमोर आला. रोडगा कुस्करून मी मध्ये खड्डा करून ठेवला होता. त्याने त्यात वरण ओतलं आणि सावकाश म्हणाला, "घ्या सर. तुमी बी पावण्यायतच बसले."

भाऊसाहेबांनी ऐकलं नाही. ते कोणाला तरी शिल्डचं वजन सांगत होते.

मी उठायला हवं होतं. एक बादली घ्यायला हवी होती. मी जेवलो.

जूनमध्ये इरफान पास होऊन गादीघरात गेला. गणेशने कॉलेज सोडल्याचा दाखला नेला. अमरावतीला पोलीस भरतीच्या क्लासला गेला असं कळलं. पाहुण्यांना दुसऱ्या एका कॉलेजने बोलावलं, ते तिकडे गेले. मी बोर्डावर फुटबॉलच्या ट्रायलची नोटीस लावली. चार पोरं आली. त्यातल्या एकाने बूट बांधायच्या आधीच विचारलं, "सर, यंदा पावणे किती हायेत?" मी म्हटलं, एकही नाही. त्याचा विश्वास बसला नाही. का बसावा? मग मी त्यांना पळवलं, पण चार पोरांत शिव्या देऊन शिकवणारं कोणीच नव्हतं. दिवाळीआधी तीही यायची बंद झाली. त्या वर्षी आमच्या कॉलेजची फुटबॉलची एंट्री गेली नाही. त्यानंतरही गेलेली नाही.

मध्ये एकदा भाऊसाहेब कॉरिडॉरमध्ये भेटले. "काहून सर, आजकाल फुटबॉल बंद हाय?"

"पोरं नाहीत, भाऊसाहेब."

"मंग आणा न," ते म्हणाले आणि पुढे गेले.

शिल्ड ऑफिसबाहेरच्या काचेच्या कपाटात आहे. कमिटी आली तेव्हा तिने त्या कपाटाकडे पाहिलंसुद्धा नाही. वाचनालय आणि संगणक पाहिले, चहा घेतला, गेली. मी निवृत्त होईपर्यंत रोज त्या कपाटावरून जाणार आहे. माझ्या जागी उद्या कोणी तरुण प्रशिक्षक येईल, तो विचारेल की इथे फुटबॉल का टिकला नाही. त्याला मैदान, बजेट, संस्थाचालक अशी कारणं सांगणारे खूप भेटतील, आणि ती खोटी नाहीत. माझ्याकडून एवढंच सांगतो: एखाद्या पोराला ट्रॅकसूट काढायला सांगितलंत, तर तो परत घालायला सांगू नका.