कॅल्शियम

माझी धाकटी बहीण कॉलेजात असतानाच तिला जमिनीवरून उठताना मांड्यांवर हात टेकावे लागू लागले. जनुकांची तपासणी झाली. नाशिकच्या डॉक्टरांनी आईला सावकाश समजावलं: स्नायूंमध्ये कॅल्पेन नावाचं विकर असतं. ते प्रथिनं कापतं, पण कॅल्शियम मिळालं तरच. हिच्या शरीरात ते नीट तयारच होत नाही, म्हणून स्नायूंची डागडुजी अडते.

आईने त्यातला एकच शब्द घरी आणला. पेठ तालुक्यातून भाजी घेऊन येणाऱ्या मावशींना तिने नाचणी आणायला सांगितली. मग नाचणीचे लाडू, तिळाची चटणी, झोपताना दूध.

मी त्या विकराबद्दल वाचत गेले. लाडवांचा उपयोग नाही, हे बहिणीला सांगितलं. तिला ते आधीच कळलं होतं.

"आईला सांगू नकोस, ताई. लाडू वळताना ती रडत नाही."

"आणि तू?"

"मी खाते. वजन वाढलं तर उचलायचं तुलाच आहे."

पुढे तिला खरोखरच उचलावं लागू लागलं. मागच्या हिवाळ्यात न्यूमोनिया झाला आणि छातीच्या थकलेल्या स्नायूंना कफ खोकून काढता येईना. ती गेली.

तेरावं झाल्यावर आईने दुपारी विचारलं, "माझंच कमी पडलं का गं? शेवटी शेवटी ती अर्धाच लाडू खायची."

आता गप्प राहणं मला जमलं नाही. मी सांगितलं, "आई, हे विकर अडकित्त्यासारखं असतं. त्याचे दोन भाग एरवी जरा वाकडे, एकमेकांपासून सुटलेले असतात. कॅल्शियम येऊन बसलं की ते वळून समोरासमोर येतात आणि मगच धार तयार होते. तेही सगळ्याचा भुगा करत नाही, ठरावीक जागी कापतं. जुनं सुटतं, नव्याला जागा होते. हिच्यात कॅल्शियम भरपूर होतं. अडकित्ताच नीट घडला नव्हता."

"म्हणजे दुप्पट दिलं असतं तरी?"

"तरी काही झालं नसतं."

तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि तिला?"

"तिलाही."

"आणि तरी खायची," आई म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच ती मोकळेपणी रडली.