कोपरावरचा रफू

लाँड्रीच्या मागच्या खोलीत, इस्त्रीच्या टेबलापलीकडे खिडकीशी एक खुर्ची होती. तिथं रफूताई बसायची. तिचं खरं नाव फक्त लाँड्रीवाल्या काकूंना ठाऊक होतं, आणि त्या ते तोंडातून काढत नसत. ती या गावात आली ती एक पिशवी, सुयांची डबी आणि हाताशी लहानगी लेक छकुली घेऊन. काकूंनी काम येतं का विचारलं, तर म्हणाली, "तुमच्या स्वेटरची बाही उसवलीय. काढून द्या, चहा होईपर्यंत परत देते." चहा उकळून खाली उतरला तेव्हा बाहीवर भोक कुठं होतं ते काकूंनाच सापडेना. त्या दिवसापासून ती खुर्ची तिची झाली.

गिऱ्हाइकं विचारायची, हे घरी कसं करायचं? सांगून सांगून तोंड दुखायला लागलं, तेव्हा तिने फोनवर ब्लॉग सुरू केला. नाव नाही, गाव नाही, चेहरा नाही. नुसतं कापड आणि टाके. मूठभर लोक वाचायचे, शंका विचारायचे, आणि तेवढ्यानं तिचा दिवस बरा जायचा.

लिहिता लिहिता पडद्याच्या कडेला एक पट्टी उघडायची. ती लोकरीबद्दल लिहू लागली की पट्टी लोकरीची चित्रं मांडायची. जळलेल्या भोकाबद्दल लिहिलं की त्यावर इतरांनी लिहिलेल्या पानांच्या लिंका पुढे करायची. बोट टेकवलं की चित्र आपलं आपण मजकुरात जाऊन बसायचं. "न सांगता वाढणारी सून मिळालीय मला," ती काकूंना म्हणायची. काकू म्हणायच्या, "न सांगता वाढते ती न सांगता भांडीही उघडते, लक्ष ठेव."

एका दुपारी ती कोपरावरच्या रफूबद्दल लिहीत होती. पट्टीने एक चित्र पुढे केलं. राखाडी स्वेटरचं कोपर, त्यावर बारीक रफू. नखाएवढं चित्र, काम सफाईदार दिसलं. तिने बोट टेकवलं, लेख ब्लॉगवर टाकला आणि मग सहज ते चित्र मोठं करून पाहिलं.

टाके किंचित तिरके होते.

आपला हात आपल्याला कळणार नाही असं होत नाही. तो स्वेटर नवऱ्याचा होता, रफू तिने केलेला. चित्राखाली त्याच्या पानाची लिंक होती. ती उघडली, तर वर तिचा आणि छकुलीचा फोटो, आणि खाली मजकूर: "माझी बायको माझ्या मुलीला घेऊन निघून गेली. ती रफूचं काम करते. हा तिचा हात. असे तिरके टाके कुठं दिसले तर कृपा करून कळवा." त्याखाली कितीतरी अनोळखी माणसं हळहळली होती. बिचारा बाप, असं कुणीतरी लिहिलं होतं.

टाके तिरके का पडतात, ते त्याने लिहिलं नव्हतं. एकदा त्याने दार लोटून तिचं मधलं बोट चेमटवलं होतं. हाड वाकडं जुळलं आणि तेव्हापासून सुई कलून चालायची.

ती आपल्या लेखाकडे परतली. चित्राच्या पायाशी फिकट अक्षरांत एक ओळ उमटली होती: चित्राच्या मूळ मालकाला कळवण्यात आलं आहे.

तिने लेख पुसला. घाईत दोनदा भलतीकडेच बोट पडलं. मग ती पुढच्या खोलीत गेली आणि काउंटरला धरून उभी राहिली.

"काय झालं गं? पांढरी फटक पडलीस," काकू म्हणाल्या.

"त्याला कळलं. मीच कळवलं."

काकूंनी तिला स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि सगळं ऐकून घेतलं. "गावाचं नाव कुठं लिहिलंयस का?"

"नाही."

"मग धीर धर. तिरक्या टाक्यांवर पत्ता नसतो."

तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. दोघी त्याच्याकडे बघत राहिल्या. शेवटी काकूंनी उचलला आणि स्पीकर लावला.

"तुमच्याकडे रफू करणाऱ्या बाई आहेत का?" बाईमाणसाचा दबका आवाज होता.

"नाहीत," काकू म्हणाल्या. "इथं नुसते धुतलेले कपडे मिळतात."

"बरं. नसल्या तरी एक निरोप द्या त्यांना. म्हणावं, त्यांच्या ब्लॉगवर एका कोटाचा फोटो आहे, त्याच्या कॉलरला तुमच्या दुकानाची चिठ्ठी लटकलीय. नंबर त्यावरूनच मिळाला मला. मला मिळाला, तर दादालाही मिळेल."

रफूताईने आवाज ओळखला. ती नणंद होती. सासरी सहा वर्षांत जिने कधी तिची बाजू घेतली नव्हती, ती.

काकूंनी सावधपणे विचारलं, "आणि दादाला काय काय कळलंय?"

"अजून काही नाही. ते पान मी सांभाळते, त्याला जमत नाही म्हणून मला बसवलंय. आलेली सूचना मी पुसली. पण तो संध्याकाळी स्वतः बघतो, पुसलेल्या सूचनाही."

हा सापळा असू शकत होता. तो शेजारी बसून बहिणीकडून वदवून घेत असेल, तर? काकूंनी बोट ओठांवर ठेवलं. पण रफूताईने फोन घेतला. "मी निघाले त्या सकाळी मागच्या दाराला कुलूप होतं. ते कसं उघडलं?"

नणंद म्हणाली, "मी रात्रीच काढून ठेवलं होतं, वहिनी. तुला वाटलं असेल तो विसरला." आणि ती रडू लागली. तो शेजारी असता तर हे ती बोललीच नसती.

चिठ्ठीचा फोटो रफूताईने त्याच क्षणी ब्लॉगवरून काढून टाकला. ब्लॉगही बंद केला. काकू तिला दुसऱ्या दिवशी एका वकीलबाईंकडे घेऊन गेल्या. बाई म्हणाल्या, "पळत राहिलात तर तो शोधत राहील. त्याला उजेडात आणू." रफूताईला उजेडाचीच तर धास्ती होती. तरी तिने कागदावर सही केली.

कोर्टात तो अगदी शांत उभा होता, इस्त्रीचा शर्ट घालून. त्याने तिच्याकडे पाहिलं तेव्हा तिला मागच्या मागं पळावंसं वाटलं. नणंद साक्षीला आली. बोटाचं सगळं सांगताना तिचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. बायको-मुलीच्या वाऱ्यालाही उभं राहायचं नाही, असा हुकूम निघाला आणि ते पान उतरवलं गेलं.

हुकूम म्हणजे काही भिंत नव्हे. दुकानाचं दार जोरात ढकललं गेलं की रफूताईची सुई अजून थबकते. शाळा सुटायच्या वेळी ती कोपऱ्यावर जाऊन उभी राहते, छकुली दिसेपर्यंत श्वास धरून. नणंद आता वेगळी राहते आणि अधूनमधून फोन करते. दोघी हवापाण्याचं बोलतात.

महिना गेला तेव्हा छकुलीने जेवताना विचारलं, "आपण परत गाव बदलणार का?"

"नाही."

"नक्की?"

रफूताईला नक्की असं काहीच वाटत नव्हतं. तरी ती म्हणाली, "नक्की."

"मग मी मैत्रिणीला घरी बोलावू? तिला पत्ता सांगावा लागेल."

आईचा घास हातातच राहिला. मग तिने तो खाल्ला आणि मुलीला पत्ता पाठ करायला लावला.