हाय आन हॅलो

मी "हाय" म्हनले की समोरून "हॅलो" यायचं. सगळ्या हॉलचं, एका दमात.

हडपसरातल्या आयटी कंपनीचा अ‍ॅन्युअल डे व्हता. मी तिथं संडास, बेसिनं पुसायची. मी रॅप करते हे कुनीतरी एचआरच्या मॅडमला मोबाईलवर दाखवलेलं. मी घरनं काळं जॅकेट नेलं व्हतं. मॅडम म्हनल्या, "नको गं, युनिफॉर्मच राहू दे. तेच तर क्यूट आहे." तवाच समजायला पायजे व्हतं.

रॅप मी पुलाखाली शिकले. रविवारी आमी धा-बारा जनं गोल करून उभे ऱ्हायचो. एकजन तोंडानं बीट काढायचा, बाकीच्यांनी आपापलं सांगायचं. नियम एकच. घरात बोलतो तसंच बोलायचं. उसनं बोललं की बीट बंद.

त्या दिवशीचं गानं आईचं व्हतं. कंपनी उभी हाय तिथं आदी पाटलाची कांद्याची वावरं व्हती. आई तिथं रोजानं खुरपायची. पाटलानं वावरं इकली, बंगला बांधला. आमच्या वस्तीत सातबारा कुनाचाच न्हवता. आईला त्याच जागंवर फरशी पुसायचं काम मिळालं. आदी खुरपायला वाकायची, आता पुसायला वाकते.

"हितं माझ्या आईचा घाम हाय."

"हॅलो!"

"फरशीखाली तिचंच काम हाय."

"हॅलो!"

कार्यक्रम चालवनारा माईकवाला त्यांच्यातलाच, कोथरूडचा. शांतपने म्हनला, "अहो ताई, किती जणांना हाय करणार आपण? जेवण थंड होतंय." हॉल पोट धरून हसला.

मागं भिंतीला टेकून आई उभी व्हती. तिला वाटलं, लोक पोरीला साथ देत्यात. तीबी टाळ्या वाजवून वरडली, "हॅलो." लई खुश व्हती.

मला लाज वाटली. त्यांची न्हाई, माझ्या तोंडाची. दुसऱ्या कडव्यात मी म्हनले, "घाम आहे." "हाय"च्या एका ठोक्याच्या जागी "आहे"चे दोन ठोके झाले. बीट फुडं गेला, मी मागं ऱ्हायले. हे मला कुनी करायला लावलं न्हवतं.

माईकवाला म्हनला, "वन्स मोअर. पण हाय घालून हं, आहेमध्ये मजा नाही."

मी माईक खाली ठिवला. "न्हाई म्हननार."

"का?"

"तुमच्या मजेसाठी न्हाई हाय ते."

कुनीतरी सवयीनं म्हनलं, "हॅलो."

फुडच्या हप्त्यात ठेकेदारानं मला दुसऱ्या साईटवर टाकलं. आई तिथंच हाय. पुलाखालचा गोलबी मोडला. कुनी पार्सलं पोचवतं, बीट काढनारा लग्नात डीजे लावतो. माझं गानं ऐकायला आता कुनी न्हाई, आन ऐकून काय फरक पडंल असंबी वाटत न्हाई.

त्या दिवशी घरी येताना आई म्हनली व्हती, "लोकास्नी लई आवडलं की गं." मी हूं म्हनले. आजून ती शेजारनींना सांगते, माझ्या पोरीला सगळी कंपनी हॅलो म्हनली.

ते हसले ते हसले. शब्द मी बदलला. शब्द बदलनं परत व्हनार न्हाई, समोर कुनीबी बसू दे. आन ते हॅलो कशाचं व्हतं, हे मी आईला सांगनार. तिचं हसू जाईल. परत त्या फरशीवर वाकताना तिला दर येळी आठवंल.

आठवू दे. तिला ठाऊक पायजेच हाय.