रत्नव्वानं सांगितलेलं भाडं

आमच्या शाहूपुरीच्या मागच्या गल्लीत रत्नव्वाचं घर आहे. दोन खोल्या आणि पुढं सोपा. नवरा गेल्यावर हुपरीहून तान्हा मुलगा आणि हातातली कला एवढंच घेऊन ती इथं आली. पैंजणांच्या कड्या जुळवायच्या, डाख देऊन सांधायच्या, घुंगरं बसवायची, हे काम ती सोप्यात बसून करते. त्यावरच घर उभं राहिलं. भिंती १९७४ साली, गिलावा १९८१ साली, शहाबादी फरशी १९९३च्या दिवाळीआधी. प्रत्येक वेळी तिनं मला हाताला धरून नेऊन दाखवलं आणि मी त्या रात्री रोजनिशीत टिपून ठेवलं. म्हणून हे मी नेमकं सांगू शकते.

१९९८च्या नोव्हेंबरात तिच्या प्रभुलिंगला पेठ वडगावचं स्थळ सांगून आलं. मुलीकडची माणसं घर बघायला येतील, एवढाच निरोप होता. दिवस ठरला नव्हता. मंगळवारी, १७ तारखेला, मी तिच्या सोप्यात शेंगा सोलत बसले होते. दोघे जण दारात आले. इस्त्रीचे कपडे, काखेत वही.

“घर स्वतःचं का?” त्यातल्या थोरल्यानं विचारलं.

“मग! या की पावणं, भाईर का हुबारलाय?”

चहा झाला, पोहे झाले. खोल्या किती, नळ आत आहे का, संडास स्वतःचा का, फरशी कधी घातली. मुलीकडचे विचारतात तेच सगळं. रत्नव्वा एकेक खोली उघडून दाखवत होती. मग थोरल्यानं विचारलं, “भाड्यानं दिलं तर काय येईल?”

“आठशे! परवाच एक डॉक्टर मागाय आलता. म्हटलं, हजार दिलास तरी न्हाई. सून आली की बसंल कुठं?”

कुठलाही डॉक्टर आला नव्हता. अडीचशे आले तरी पुष्कळ होते. मी मान खाली घालून शेंगा सोलत राहिले. सोयरिकीच्या बोलण्यात इतकं चालतंच.

“कळवतो,” म्हणून ते गेले.

“पसंत पडलं बघा अक्का घर,” रत्नव्वा म्हणाली. “लिवून नेलं सगळं.”

४ जानेवारीला त्यांनी कळवलं. घरफाळा वाढल्याची नोटीस आली. वर्षाला तीनशे दहा रुपये भरत होती, ते दोन हजारांच्या वर गेले. ते दोघे घरफाळ्याच्या कचेरीतले होते.

मी नोटीस दोनदा वाचली. घर भाड्यानं दिलं तर काय मिळेल याचा अंदाज करायचा आणि त्यावर फाळा बसवायचा, असा नियम. मालकीण स्वतः त्यात राहते, तिला घरातून एक पैसा मिळत नाही, याचा विचार नाही. पगारावरचा कर निदान पगार हातात आल्यावर द्यावा लागतो. इथं न मिळालेल्या भाड्यावर कर. पैंजणांच्या मजुरीतून एवढे पैसे निघणं शक्य नव्हतं. सोपा भाड्यानं द्यावा लागला असता, आणि सोप्यात तर तिचं सगळं आयुष्य चाललं होतं.

शेजारचे बाळासो दारातूनच ओरडले, “काय रत्नव्वा, पावण्यांनी उलटा हुंडा मागितला म्हणं?”

मी हरकतीचा अर्ज लिहिला. ११ मार्चला सुनावणी झाली, मी बरोबर गेले.

“मावशी, आकडा तुम्हीच सांगितलाय,” साहेब म्हणाले.

“सायेब, ते सोयरिकीचं बोलणं. त्यात खरं कोण बोलतंय? माझा पोरगा चहाबी पीत न्हाई म्हणून सांगितलं मी. ते लिवलंय काय?”

कारकून हसला.

“हसतोस काय? लिव की. आठशे खरं तर त्येबी खरं.”

“पण भाड्यानं दिलं तर काहीतरी येईलच ना?”

“आनि मी कुठं ऱ्हाऊ? तुमच्या कचेरीत?”

साहेबांनी फेरपाहणी लावली. बाळासोंनी उपाय सांगितला. चार फरशा उपसून ठेव, छताला पोतं बांध, गळतंय म्हण. त्यांनी स्वतः तेच केलं होतं. माडी असून ते चारशे भरतात. आमच्या घराची मागची भिंत माझ्या यजमानांनी अकरा वर्षं बिनगिलाव्याची ठेवली होती, तीही याच कारणानं. मीसुद्धा तिला म्हटलं, बाळासोंचं ऐक.

पाहणीच्या सकाळी गेले तर फरशी धुतलेली, दारात रांगोळी.

“अक्का, एवढी वर्सं लागली ह्या घराला. माझ्याच हातानं त्येला भिकारी करून दावू व्हय?”

मला माझ्या सल्ल्याची लाज वाटली. पण कचेरीला कशाचीच वाटली नाही. तोच थोरला आला. भाडं विचारलं. “भाड्याचं घरच न्हाई हे,” एवढंच ती म्हणाली. त्यानं चकचकीत फरशीकडं पाहिलं आणि महिन्याचं भाडं सहाशे लिहिलं. ज्यानं घर विद्रूप करून दाखवलं त्याला सूट आणि जिनं नीट ठेवलं तिला दंड. याला न्याय कोण म्हणेल?

जूनमध्ये रत्नव्वानं सोपा एका शिंप्याला दीडशेनं दिला. आता ती चुलीजवळ बसून डाख देते. डाखाचा धूर भाकरीवर बसतो, खोकला रात्रभर जात नाही.

मला वाटलं, निदान खरं भाडं तरी आता कागदावर आलं. भाड्याची पावती आणि नवा अर्ज घेऊन आम्ही पुन्हा कचेरीत गेलो. कारकून म्हणाला, “हे नुसत्या सोप्याचं झालं. आत दोन खोल्या आहेत, त्यांचा अंदाज वेगळा. शिवाय आता कूळ ठेवलंय, म्हणजे आकारणी वाढणार.”

म्हणजे फाळा भरण्यासाठी भाडेकरू ठेवला, आणि भाडेकरू ठेवला म्हणून फाळा वाढला. मी तावातावानं बोलू लागले. त्यानं मला थांबवलं आणि रत्नव्वाला समजावणीच्या सुरात म्हणाला, “मावशी, झेपत नसेल तर हे विका आणि याहून लहान घ्या.”

रत्नव्वा दोन्ही हात टेबलावर टेकून उभी राहिली.

“ह्याच्यापरीस ल्हान? आमच्यात माणसाला बसवून पुरत्यात, सायेब. तेवढी जागा हाय. तिला अजून फाळा लावला न्हाईसा.”

त्यानं माझ्या अर्जावर शिक्का मारला आणि पुढच्या सोमवारची तारीख दिली. त्या दिवशी तिची मजुरी बुडेल. तरी ती येणार आहे, आणि मीही.