साथीदारांची रांग

टीव्हीवर गाणे सुरू असताना कोणी जागेवरून उठलेले कौसल्याबाईंना खपत नसे. "काऊन उठला बे? माणूस गाऊन राह्यला, अन् तू त्याले पाठ दाखवतं? त्याले काय वाटन?" एवढे ऐकले की उठलेला निमूटपणे खाली बसे. एकदा खुद्द सरपंचांना त्यांनी असेच बसवले होते.

देऊळघाटात आमच्या गल्लीतला पहिला कृष्णधवल संच माझ्या घरी आला. संध्याकाळी लोकगीते, नकला, नाट्यप्रवेश लागत आणि ओसरी भरून जाई. मी न्यायालयात नोकरीला होतो. नियम मोडलेला दिसला की माझे मस्तक आजही तापते आणि हात आपसूक लेखणीकडे जातो. त्यामुळे कौसल्याबाईंचा हा नियम मला एखाद्या कलमाइतका प्रिय होता. कलावंताच्या पाठीमागेही त्याचा मान राखणारी गावातली ही एकमेव नागरिक, असे मी चारचौघांत ठणकावून सांगत असे.

शेजारच्याच घरात त्या एकट्या राहत आणि अंगणवाडीत मदतनीस होत्या. संचासमोरची जागा त्यांची. पडद्यावरच्या गायकाने हात जोडले की त्याही जोडत. कोणी हसले तर म्हणत, "त्यानं हात जोडले, मंग आपण का दगड आहो?"

एका संध्याकाळी एक गायिका फार सुरेख गायली. मी कौतुकाने विचारले, "काय आवाज होता, नाही?"

"आवाज चांगलाच असन, भाऊ. पण मी कुठी तिले पाहून राह्यली होती!"

"मग कोणाला?"

त्यांनी पडद्याच्या डाव्या कोपऱ्याकडे बोट केले. तिथे साथीदार बसत. "आमचा भाऊ वामन ढोलकी वाजवते. बापानं त्याची ढोलकी विहिरीत टाकली, तवा तो मुंबईले निंघून गेला. बाप गेला तरी आला नाई. कोन्या गान्याच्या पार्टीत वाजवते म्हनतात. वाजवताना खालचा ओठ दाताखाली धरते, लहानपनापासून. कोनी उठलं का नेमका तोच कोपरा झाकते."

ज्याला मी शिष्टाचार समजत होतो ते एका बहिणीचे वाट पाहणे होते. आणि वाट पाहायची ती कशी? कॅमेरा गायकावरून हटेल तर शपथ! गायकाचा चेहरा, त्याची अंगठी, त्याच्या जाकिटाची गुंडी, सारे दिसे. साथीदाराचे दिसले तर कोपर दिसे. कार्यक्रमाच्या शेवटी नाव तेही गायकाचेच. माझा संताप अनावर झाला. ज्याच्या श्रमावर गाणे उभे राहते त्याला नाव नाही आणि चेहरा नाही, हा कोणता न्याय? मी दूरदर्शन केंद्राला सविस्तर पत्र लिहिले. "आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे," असे उत्तर आले. मी पुन्हा लिहिले, आणखी कडक लिहिले.

कौसल्याबाई हसत. "भाऊ, तुमचे कागद ते चुलीत घालत असतीन. चहा तरी होत असन बिचाऱ्यांचा."

पत्रांचा परिणाम म्हणा वा योगायोग, पण एका संध्याकाळी लोकगीतांच्या कार्यक्रमात निवेदिका म्हणाली, "आता आपण साथीदारांचीही ओळख करून घेऊ." कॅमेरा हलला. पेटीवाला आला, टाळवाला आला. मग पिकलेल्या केसांचा, गाल बसलेला एक ढोलकीवाला आला. त्याने थाप मारली आणि खालचा ओठ दाताखाली धरला.

कौसल्याबाई उठल्या. संचापुढे जाऊन उभ्या राहिल्या. साऱ्या ओसरीचा पडदा झाकला गेला, पण "बसा" असे कोणी म्हटले नाही. निवेदिकेने वामनचे नाव उच्चारलेले आम्ही फक्त ऐकले. पडद्यावर त्याने हात जोडले असावेत. कारण कौसल्याबाईंचे हात वर गेले, पण जुळले मात्र नाहीत. त्या काचेवर बोटे फिरवीत म्हणाल्या, "किती वाळला रे तू."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "भाऊ, आता लिहा. त्याले म्हना, तुही बहीन त्याच घरात हाये."

आयुष्यात मी रागावाचून लिहिलेले ते एकमेव पत्र. केंद्रामार्फत ते वामनला पोचले आणि बुद्धपौर्णिमेला तो आला. रात्रीचे जेवण व्हायच्या आधी दोघे बहीणभाऊ आमच्या ओसरीवर येऊन बसले. संचावर कोणी गात होते. वामन पाणी प्यायला उठला.

"बस बे खाली," कौसल्याबाई म्हणाल्या. "माणूस गाऊन राह्यला."

वामन हसला आणि बसला. त्यानंतर तो दरवर्षी येत राहिला. गेल्या हिवाळ्यात कौसल्याबाई गेल्या, तेव्हा त्यांचे डोके त्याच्याच मांडीवर होते.

आता घरोघरी मोठे रंगीत पडदे आहेत. कार्यक्रम संपला की नावे अशी पळवतात की निष्णात वाचकालाही एक धड वाचता येऊ नये. याविषयी माझा पत्रव्यवहार सुरू आहे. समाधानकारक उत्तर अद्याप नाही. काल सूनबाई दिवा मालवायला आल्या, तेव्हा पडद्यावर नावे धावत होती. म्हणाल्या, "बाबा, उठा आता. संपला कार्यक्रम."

मी म्हटले, "थांबा. माणसं अजून चालली आहेत."