बी ब्लॉकचं पिंप

माझं शेवटचं पोस्टिंग बेंगळुरूला, येलहंक्याच्या बाजूला. मी मेडिकलचा हवालदार, गाव निपाणी. दर बुधवारी सकाळी नऊला टॉर्च आणि रजिस्टर घेऊन फॅमिली क्वार्टर्समध्ये फिरायचं. साठवलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या दिसल्या तर पाणी तिथंच ओतायचं आणि रजिस्टरात त्या घरापुढे आकडा लिहायचा. नसल्या तर 'निल'. ज्या ब्लॉकमध्ये सगळं निल, तिथं पुढचे दोन आठवडे कोणी जात नसे. घरं जास्त, माणसं कमी. बायका मला बघून म्हणायच्या, "आला बघा पाणीचोर." मी हसून पुढं जायचो.

त्या उन्हाळ्यात पाण्याची बोंब होती. टँकर आठवड्यातून दोनदा. बी ब्लॉकमध्ये नाईक बाळू चौगुले राहायचा, चिक्कोडीचा, माझा जिवाचा दोस्त. त्याची बायको नुकतीच बाळंत झालेली, आत निजली होती. मी मोरीतल्या पिंपावर टॉर्च मारला. अळ्या वळवळत होत्या.

बाळू हळूच म्हणाला, "आज ओतू नको, लेका. टँकर परवा. बाळाचे कपडे कशात धुवायचे?"

"ऑर्डर आहे."

"शुक्रवारी टँकर आला की मी स्वतः ओततो. स्वल्प ॲडजस्ट कर."

मी निल लिहिलं आणि पुढच्या घरी गेलो.

गुरुवारी मला फायरिंग रेंजवर पाठवलं. शुक्रवारी टँकर आलाच नाही, हे नंतर कळलं. सतरा दिवसांनी परतलो तेव्हा डेंगीचे सहा पेशंट होते, वेगवेगळ्या ब्लॉकचे. फवारणीचं मशीन एकच. मेजरसाहेबांनी माझं रजिस्टर उघडलं.

"सुरुवात कुठून?"

"सी ब्लॉक, सर. तिथं आकडा मोठा आहे."

"बी?"

"बी निल, सर."

तेव्हा तोंड उघडलं असतं तर माझ्यावर इन्क्वायरी बसली असती, दंडावरची फीत गेली असती. मी फितीचा विचार केला. लाज वाटते सांगायला, पण तसंच झालं.

बी ब्लॉकची पाळी आठव्या दिवशी आली. त्याच दिवशी बाळूला ताप भरला. प्लेटलेट उतरत गेल्या. पाचव्या दिवशी सकाळी सहा चाळीसला तो गेला.

त्याच पिंपातला डास त्याला चावला, असं कोणी छातीठोक सांगू शकत नाही. मी स्वतःला हेच समजावत आलो. मनाला पटत नाही.

आता मी बेंगळुरूतच, पीण्या इंडस्ट्रियल एरियात एका कारखान्याच्या गेटवर वॉचमन असतो. वहिनी मुलाला घेऊन राजाजीनगरात राहते. गेल्या महिन्यात तिच्याकडे चहाला गेलो तेव्हा तिनं विचारलं, "अण्णा, खरं सांगा. आमच्या पिंपात कधी अळ्या सापडलेल्या का? पाणी मीच साठवून ठेवत होते."

"नाही वहिनी. रजिस्टरला निल आहे."

तिनं पदर डोळ्यांना लावला. "सरी, बरं झालं सांगितलंत. इतकी वर्षं वाटायचं, मीच खाल्लं त्यांना."

मी चहा संपवला आणि निघालो.

तापानं गेलेल्याचं नाव आमच्या युनिटच्या स्मारकाच्या दगडावर कोरत नाहीत. नाईक बाळू चौगुले, वय एकतीस. त्याच्या बायकोला खरं सांगायची हिंमत मला अजून झालेली नाही.